आझाद व्हिसा आणि रस्त्यातली तपासणी

रत्नागिरी-रायगडच्या गावांतून एखादा मुलगा आखातात निघाला की चार माणसे चार गोष्टी विचारतात. पगार किती, जेवण कंपनीचे की स्वतःचे, सुट्टी किती वर्षांनी, व्हिसा कितीला पडला. रस्त्यात पोलिसांनी थांबवून इकामा मागितला तर काय करशील, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलेच तर निघतानाच अपशकुन केला म्हणतात.

उमेदीची वर्षे तिकडे घालवून आलेले बुजुर्गही सांगतात, "परमुलखात आपल्याला कसले आले हक्क?" हे बोलणे अर्धे खरे आहे. परत पाठवण्याचा निर्णय तिकडे बहुधा खात्याचे अधिकारीच घेतात, कोर्टापर्यंत प्रकरण जातच नाही. पण उरलेल्या अर्ध्या गोष्टीकडे आपण पाठ फिरवतो आणि तिथेच आपल्या कारागिराचा पैसा बुडतो.

सुरुवात इथूनच होते. सुतार, प्लंबर, एसी मेकॅनिक यांना आपलाच कोणी ओळखीचा "आझाद व्हिसा" विकतो. कफील एकाचा, काम कुठेही करा, वर्षाकाठी कफीलला ठरलेली रक्कम द्या. सौदीच्या कायद्यात असा व्हिसाच नाही. तिथल्या कामगार कायद्याचे 39 वे कलम सांगते की कफीलने आपला माणूस दुसऱ्याकडे राबवू नये आणि कामगारानेही स्वतःचा धंदा करू नये. 2013 साली या कलमाची कडक अंमलबजावणी झाली. कागदपत्रे सुधारण्याची मुदत 3 नोव्हेंबरला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून धरपकड सुरू झाली. त्यात सापडलेले बरेच जण चोर-दरोडेखोर नव्हते, इकाम्यावर एक नाव आणि काम दुसऱ्याकडे एवढाच त्यांचा गुन्हा. ज्याने व्हिसा विकला त्याचे काय गेले? तो आजही गावात मानाने सलाम घेतो. मला स्वतःला याचा राग अधिक येतो.

आता थांबवल्यावर काय करावे. पळू नये, वाद घालू नये, पैसे पुढे करू नयेत. लाच देऊ करणे हा वेगळा आणि मोठा गुन्हा. मोबाइलवर पोलिसांचे चित्रण करण्याची हौस तर मुळीच नको, तिकडे ती चांगलीच अंगलट येते. इकामा किंवा ओळखपत्र मागितले तर दाखवावेच लागते. मात्र कशासाठी अटकवले हे विचारता येते. अटक केलेल्याला कारण सांगावे आणि त्याला आपल्या माणसास कळवू द्यावे, असे सौदीच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात लिहिलेले आहे. लिहिलेले आणि घडणारे यांत अंतर असते हे मान्य. पण न मागणाऱ्याला तर काहीच मिळत नाही.

सर्वांत मोठा आधार आपल्या वकिलातीचा. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमानुसार, अटकेतल्या परदेशी माणसाने मागणी केली की त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवावे लागते. भारत आणि आखातातले सहाही देश या करारात आहेत. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात 2019 साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने हेच कलम मोडले असा निर्णय दिला, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली. तेच कलम आपल्या चिपळूणच्या गवंड्यालाही लागू आहे, एवढे मात्र कोणी सांगितले नाही. "इंडियन एम्बसीला कळवा" हे वाक्य अरबीत पाठ करून जावे. मजकूर न कळलेल्या कागदावर सही करण्याआधी दुभाषा मागावा. पुष्कळदा त्या अरबी कागदात "माझा सर्व हिशेब मिळाला" एवढेच लिहिलेले असते आणि सहा महिन्यांचा पगार तिथेच संपतो. 2016 साली सौदीत हजारो भारतीयांचे पगार थकले, तेव्हा आपल्या सरकारने त्यांना आधी दावा लेखी नोंदवा आणि मग घरी या, असे सांगितले होते. तो सल्ला आजही लागू आहे.

पासपोर्टचे तसेच. कफीलने तो कपाटात ठेवणे ही रीत झाली, म्हणून ती कायदेशीर होत नाही. 1967 च्या आपल्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. कतारने 2015 च्या कायद्यात कामगाराचा पासपोर्ट अडकवणाऱ्या मालकाला 25,000 रियालपर्यंत दंड ठेवला आहे.

दुकानदार बंधूंनीही हा लेख कामगारांसाठीच आहे असे समजू नये. दुकान आपले आणि नाव कफीलचे, हा जुना प्रकार सौदीत 2020 च्या कायद्याने महाग पडू लागला आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाख रियालपर्यंत दंड आहे. अमिरातीत 2021 पासून बऱ्याच धंद्यांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी घेता येते, तरी जुन्या सवयीने काही जण दुसऱ्याच्या नावावर धंदा टाकतात. परवाना नसलेला भाचा-पुतण्या दुकानात बसवणेही आता सोपे नाही. 2024 च्या सुधारणेनंतर तिथे बिनपरवाना माणूस ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड होऊ शकतो. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर मुदत संपलेल्यांना माफी होती, दंड न भरता निघून जाता येत होते आणि पुन्हा येण्याची बंदीही लागत नव्हती. ज्यांनी "बघू पुढे" म्हटले ते मागे राहिले.

दहावी न झालेल्या मुलाला विझिट व्हिसावर पाठवून इमिग्रेशन क्लिअरन्स चुकवणारे एजंट आहेत. त्यात प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही हातचा जातो. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागा. ती देताना जो कुरकुर करतो त्याच्याकडून व्हिसा घेऊच नये.

निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, करारनामा यांच्या दोन-दोन प्रती काढाव्यात. एक मोबाइलमध्ये असतेच. पण पकडल्यावर मोबाइल पहिल्यांदा काढून घेतात, म्हणून दुसरी प्रत घरी आईजवळ किंवा घरवालीजवळ ठेवावी. इकामा हाती पडला की त्याचीही प्रत घरी धाडावी. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या व्यवस्थेवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. तिथे पहिला प्रश्न पासपोर्ट नंबरचा येतो, आणि तो सांगता आला नाही की पुढचे सगळे अडते.