मध्ये येणारी पट्टी

घरी टेबल सॉ घेणाऱ्याला मी पहिलं एकच विचारतो: पात्यामागची चपटी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ, जागेवर आहे ना? बहुतेकांनी ती काढून खणात टाकलेली असते. म्हणे, मध्ये येते. अहो, मध्ये येण्यासाठीच ती आहे! चिरलेलं लाकूड मागे मिटून पात्याला घासलं, की मिनिटाला चारेक हजार फेऱ्यांचं दहा इंची पातं ते थेट पोटावर फेकतं.

आमच्या चिपळुणात पावसाळा लागला की बिडाच्या टेबलावर गंज चढतो. मी मेण घासतो. तेल नको, ते सागवानात मुरतं आणि पॉलिश धरत नाही.

पण खरी काळजी पात्याच्या सरळपणाची. आधी प्लग काढा. एका दातावर खडूची खूण करून टेबलावरच्या खाचेपासून त्याचं अंतर पुढे मोजा, तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. फरक आला तर बोल्ट सैल करून पातं खाचेला समांतर आणा. मग फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायचा आधार. तो मागच्या बाजूला केसभर उघडा चालेल, पात्याकडे झुकलेला मुळीच नाही.

बोट लागताच पातं थांबवणारी यंत्रणा अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी काढली. ती महाग पडते, मान्य. पट्टीला मात्र ही सबब नाही. पट्टी आणि पात्यावरचं गार्ड नसलेलं मशीन दुकानदारांनी विकू नये, आणि स्वस्त मिळतंय म्हणून तुम्हीही घेऊ नका.