कुंभकर्ण म्हणण्याआधी

वर्गात झोपणाऱ्या मुलासाठी मराठीत एक नाव तयारच आहे : कुंभकर्ण. ते उच्चारले की वर्ग हसतो आणि शिकवणाऱ्याची जबाबदारी संपते. आमचा आक्षेप या हसण्याला आहे.

नार्कोलेप्सी हा मेंदूचा दीर्घकालीन विकार. १८८० मध्ये जेलिनो या फ्रेंच वैद्याने त्याला हे नाव दिले. जागेपण टिकवून धरणारे ओरेक्सिन हे रसायन १९९८ मध्ये सापडले. या विकाराच्या एका प्रमुख प्रकारात ते तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात, हे २००० मध्ये दिसून आले. लक्षणे पुष्कळदा पौगंडावस्थेत सुरू होतात, निदानाला मात्र अनेकदा वर्षे लागतात. तोवर निदान करतो तो वर्ग : आळशी, बेफिकीर, व्यसनी.

याहून क्रूर गोष्ट पुढेच आहे. याच प्रकारात हसू अनावर झाले की शुद्ध शाबूत असूनही स्नायूंतले बळ काही क्षण जाते. मान कलते, गुडघे दुमडतात. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. म्हणजे ज्यांच्या संगतीत खळखळून हसावे, त्यांचीच संगत धोक्याची. मग सोळा वर्षांची मुलगी कट्टा सोडते, सहल टाळते, विनोद रंगू लागताच उठून जाते. आपण तिला ‘एकलकोंडी’ म्हणतो आणि चारचौघांत मिसळण्याचा उपदेश करतो! वस्तुतः चारचौघांत कोसळण्यापेक्षा एकटे राहणे तिने विचारपूर्वक पत्करलेले असते.

दासबोधाच्या अठराव्या दशकात ‘निद्रानिरूपण’ हा समास आहे आणि त्याला लागूनच ‘श्रोता अवलक्षण’. झोप आणि श्रोत्याचे दोष आपल्या परंपरेत असे शेजारी नांदतात. सतराव्या शतकातल्या समर्थांना ओरेक्सिन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला ती सबब उरलेली नाही. आणि कुंभकर्णाचे नाव घ्यायचेच, तर वाल्मीकींचा कुंभकर्ण जागा झाल्यावर प्रत्यक्ष रावणाला त्याचा अपराध सुनावतो, हेही वर्गात सांगावे.

प्रत्येक डुलकी म्हणजे आजार नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य. पण तो निवाडा डॉक्टरांचा आहे. शिक्षकाने पालकांना तपासणी सुचवावी, दोन तासांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटे झोपू द्यावे, परीक्षेत सवलतीसाठी शब्द टाकावा. शब्दांवर ज्यांची उपजीविका चालते, त्यांनी एवढा एक शब्द तरी आवरावा.