ओली भिंत आणि गरम पातेले



"ओल्या फडक्याने गरम पातेले उतरवू नका गं!" असे आजी आम्हां दोघी बहिणींना नेहमी बजावते. कोरड्या फडक्याच्या धाग्यांत हवा असते. ती उष्णता अडवते. फडके ओले झाले की हवेच्या जागी पाणी येते, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून चटका बसतो.

घराच्या भिंतीचेही तसेच आहे. आपल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या पुष्कळ जुन्या इमारती पोकळ सिमेंट ब्लॉकच्या आहेत. भिंत कोरडी असेल तोवर ती ऊन थोडेफार अडवते. ओली झाली की कमी.

पण कतारमध्ये पाऊस वर्षाला जेमतेम ७५-८० मिलिमीटर, मग भिंत ओली होते कशी? प्लास्टर दिवसा उन्हाने फुगते, रात्री आकसते आणि त्याला तडे जातात. ऑगस्ट-सप्टेंबरमधली समुद्राची दमट हवा तड्यांतून आत शिरते आणि एसीने गार झालेल्या भागाशी तिचे पाणी होते. शिवाय वरच्या मजल्यावरच्या एसीचे पाणी भिंतीवर ठिबकतेच.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या खोलीच्या भिंतीला पोपडे आले. एसी दिवसभर चालूनही खोली गार होईना. इमारतीच्या माणसाने वरून ऑइल पेंट फासला. महिन्याभरात त्याला फुगे आले, कारण पाणी आतच कोंडले होते.

आमच्या आजोळी, रत्नागिरीकडे, पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून माडाची विणलेली झापे बांधत. भिंत भिजल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती भिजूच न देणे त्यांना सोपे वाटे. इथेही १९३८ साली बांधलेल्या अल झुबारा किल्ल्याच्या भिंती सुमारे एक मीटर जाड आहेत. आपल्या भिंती तेवढ्या जाड नाहीत, म्हणून त्यांना अधिक जपायला हवे.

आमचे मत असे: एप्रिलमध्येच भिंतीवर बाहेरून नजर टाकावी. एसीच्या पाण्याला नळी लावून घ्यावी, तडे बुजवावेत, भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि मगच फिकट रंग द्यावा.

"घर भाड्याचे, आपण कशाला सांगायचे?" असे काही काका म्हणतात. पण काका, उकाडा आणि विजेचे बिल तर आपलेच ना?