श्रद्धा आपली, सवलत सरकारची

अमेरिकेत साउथ कॅरोलिनातलं बॉब जोन्स विद्यापीठ 1971 पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच देत नव्हतं. मग दार किलकिलं झालं, तेही विवाहितांपुरतं. अविवाहितांना 1975 मध्ये प्रवेश मिळाला; पण वेगळ्या वंशाच्या मुलामुलींचं प्रेम जमलं, तर हकालपट्टी! आधार बायबलचा सांगितला जाई. करखात्याने करसवलत काढून घेतली आणि 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठ 8 विरुद्ध 1 मतांनी हरलं. श्रद्धा सोडा, असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. फक्त त्या श्रद्धेपायी केलेल्या भेदभावाला जनतेच्या पैशाचा टेकू नाकारला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तरी वेगळ्या वंशात प्रेम न करण्याचा तो नियम उठायला 2000 साल उजाडलं.

आज वाद लैंगिकतेवर आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यात धर्मसंस्थांच्या विद्यापीठांना सूट आहे. धर्मशास्त्राचा प्राध्यापक कोण असावा, हे त्यांनीच ठरवावं. तिथे मी त्यांच्या बाजूने आहे. पण समलिंगी संबंध निषिद्ध मानणाऱ्या अशा विद्यापीठात, आपण समलिंगी आहोत हे दुसऱ्या वर्षात उमगलेल्या मुलाने काय करायचं? कर्ज काढून फी भरलेली, दुसरीकडे जावं तर झालेले विषय धरले जातीलच असं नाही. निदान अशी सूट घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने ती प्रवेशअर्जाच्या पहिल्या पानावर ठळक छापावी, अशी सक्ती तरी कायद्याने करायलाच हवी.