सरकारी टाळेबंदी आणि संशोधक

गिरणीमालकाने दरवाजास टाळे ठोकले म्हणजे आपण त्यास टाळेबंदी म्हणतो. अमेरिकेचे सरकार ठोकते तेव्हा त्यास ‘शटडाउन’ असे निरुपद्रवी नाव मिळते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात हे टाळे ३५ दिवस राहिले. निमित्त काय, तर मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी अध्यक्ष ट्रम्प यांना हवे असलेले ५.७ अब्ज डॉलर! संरक्षणखात्याची तरतूद आधीच मंजूर होती. तोफांना झळ लागली नाही. विद्यापीठांना संशोधनासाठी अनुदान देणारे नॅशनल सायन्स फाउंडेशन मात्र बंद पडले. नव्या प्रस्तावांची छाननी थांबली, आणि त्या संस्थेकडून थेट विद्यावृत्ती घेणाऱ्या तरुण संशोधकांना घरभाड्याची विवंचना पडली. (आरोग्य-संशोधनाची तरतूद त्या खेपेस वाचली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, २०२५ च्या ४३ दिवसांत तीही अडकली.)

सरकारी नोकरांना मागाहून वेतन मिळतेच, मग हा कांगावा कशाला, असे पंडित विचारतात. मिळते, पण कोणास? २०१९ च्या कायद्याने थकलेल्या वेतनाची हमी दिली ती केंद्रीय कर्मचाऱ्यांना. अनुदानावर जगणारा विद्यापीठातील सहायक आणि सरकारी इमारत झाडणारा कंत्राटी कामगार, दोघेही त्या कायद्याबाहेर. मातब्बर विद्यापीठ आपल्या गंगाजळीतून सहायकाचा पगार काही काळ भागवील. गरीब विद्यापीठाने काय विकावे? ज्यांच्या भांडणापायी टाळे पडते, त्या काँग्रेस-सदस्यांचे वेतन मात्र या काळातही चालूच असते.