पैसे जमा, करार अधांतरी

दिवाळीच्या तोंडावर एखादा शिक्षक रात्री घरबसल्या मोबाइलवरून शिलाई यंत्राची मागणी नोंदवतो. किंमत सवलतीची असते. ती तत्क्षणी त्याच्या बँक खात्यातून वळती होते आणि ‘आपली ऑर्डर मिळाली’ असा संदेशही येतो. चार दिवसांनी दुसरा संदेश येतो : माल शिल्लक नसल्याने ऑर्डर रद्द, रक्कम यथावकाश परत मिळेल. तोवर सवलतीची मुदत उलटलेली असते आणि तेच यंत्र वाढीव किमतीला पुन्हा विक्रीस मांडलेले दिसते. येथे करारभंग झाला काय? ग्राहक म्हणेल, झाला. विक्रेत्याचे उत्तर मात्र तयार असते : करार मुळात झालाच नव्हता!

हे उत्तर केवळ उद्धटपणाचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याला कायद्याचा आधार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार एकाने प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो बिनशर्त स्वीकारावा, तेव्हा करार आकारास येतो. दुकानात मांडलेली वस्तू हा विक्रेत्याचा प्रस्ताव मानला जात नाही. ते ग्राहकाला प्रस्ताव मांडण्याचे निमंत्रण असते, असे तत्त्व इंग्लंडमधील बूट्स कंपनीच्या १९५३ च्या खटल्यापासून सर्वपरिचित आहे. याच तत्त्वाचा आधार घेऊन अनेक ऑनलाइन विक्रेते आपल्या अटींमध्ये असे नमूद करतात की, ग्राहकाची मागणी हा प्रस्ताव असून माल रवाना झाल्यावरच तो स्वीकारला असे समजावे. दुकानात पैसे देणे आणि माल हाती येणे या क्रिया एकाच वेळी घडतात. पडद्यावरच्या व्यवहारात या दोहोंमध्ये काही दिवसांचे अंतर असते आणि त्या अंतरात ग्राहकाचे पैसे अडकतात, विक्रेता मात्र मोकळा राहतो.

वास्तविक संपर्काचे प्रत्येक नवे साधन आले, तेव्हा करार नेमका कोणत्या क्षणी झाला, हा प्रश्न कायद्याने सोडवला आहे. स्वीकृतीचे पत्र टपालात पडले की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो, हे १८७२ च्या कायद्यातच आहे. दूरध्वनीवरील करार स्वीकृती ऐकू येते त्या ठिकाणी पूर्ण होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये भगवानदास केडिया प्रकरणात दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर समाविष्ट झालेल्या कलम १०-अ ने केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपामुळे करार अवैध ठरणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच कायद्याचे १३ वे कलम संदेश केव्हा पाठवला आणि केव्हा पोचला असे समजावे, हेही सांगते. परंतु कोणत्या संदेशाला स्वीकृती म्हणावे, हे ते सांगत नाही. ती जागा विक्रेत्याने स्वतःच्या अटींनी भरून काढली आहे.

ऑनलाइन विक्रेत्यावर बंधने नाहीत, असे मात्र नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिच्या तपशिलासह दाखवावी लागते. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे लागते. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत परस्पर वस्तू घालणे यांसारख्या १३ फसव्या युक्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली. ही बंधने स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा रोख मुख्यतः माहितीवर आणि संमतीवर आहे. ग्राहकाची संमती कशी घ्यावी हे नियम सांगतात. विक्रेत्याची संमती केव्हा गृहीत धरावी याविषयी ते मौन पाळतात.

या मौनाची किंमत मोठी आहे. सबळ कारणाविना एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अन्याय्य ठरू शकते. पण करारच झाला नाही, मग संपवला कसा, असा बचाव विक्रेत्याला घेता येतो. शिवाय अन्याय्य कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य आयोगापासून पुढे आहे. शे-पाचशे रुपयांच्या खरेदीसाठी गडचिरोलीचा कारकून त्या पायऱ्या चढेल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

विक्रेत्याचीही एक बाजू आहे. इचलकरंजीचा छोटा व्यापारी एकच माल चार ठिकाणी मांडतो. एकीकडे विकला गेलेला नग दुसरीकडे शिल्लक दिसू शकतो. किमतीत एखादे शून्य चुकूनही गळते. अशा व्यापाऱ्यास प्रत्येक मागणीने जखडणे न्याय्य होणार नाही. परंतु यावर उपाय अवघड नाही. माल आहे की नाही, हे तपासून मगच रक्कम घ्यावी. एकदा रक्कम स्वीकारली की प्रस्तावही स्वीकारला असे कायद्याने मानावे, आणि त्यानंतर माल नाकारल्यास परताव्याबरोबर ठरावीक भरपाई द्यावी लागावी. उघड लेखनदोषापुरता अपवाद ठेवता येईल. त्याचबरोबर लहान रकमांच्या बाबतीत अन्याय्य अटींचा विचार करण्याचा अधिकार जिल्हा आयोगासही द्यावा.

एकट्या ग्राहकाला बाजारात घासाघीस करण्याचे बळ नसते, हे ओळखूनच १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदीचा मार्ग धरला. पडद्यावरच्या बाजारात तर घासाघीस करायला समोर कोणीच नसते. ‘मान्य आहे’ एवढीच कळ असते. ती कळ दाबताच ग्राहक बांधला जातो. पैसे घेताच विक्रेताही बांधला गेला पाहिजे. अन्यथा त्या व्यवहाराला करार म्हणण्यात अर्थ नाही.