पैसे देऊन डोंगर

दिवाळीला जळकोटला गेले होते. ऑफिसच्या ट्रिपचा फोटो आईला दाखवला... हेल्मेट, हार्नेस आणि दोरीला लटकलेली मी. ‘कितीला पडलं?’ आईचा पहिला प्रश्न. आकडा सांगितला. ‘पैसे देऊन डोंगर चढतेत व्हय लोकं?’

चढतात! आणि चढवणाऱ्यांचा धंदाही होतो. उदगीरचा माझा मामेभाऊ नेमका तेव्हाच फराळाला आलेला. हैदराबादची नोकरी सोडून साहेब अॅडव्हेंचर कंपनी काढणार होते. लोगो तयार, टी-शर्ट तयार. ‘ताई, तू फक्त नाव सुचव.’

नाव राहिलं बाजूला, मी त्याला वसंत लिमयेंबद्दल सांगायला बसले. आयआयटी मुंबईचा इंजिनीअर, पण जीव डोंगरात. १९८८ साली कांचनगंगावर गेलेल्या भारतीय नागरी मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं. ८,५८६ मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर! कंपनी त्यानंतर. १९८९ मध्ये ‘हाय प्लेसेस’ सुरू झाली आणि पुढे ताम्हिणीजवळ ‘गरुडमाची’ उभी राहिली. आज प्रत्येक एचआरच्या तोंडी असलेलं ‘ओबीटी’ आपल्याकडे रुजवणाऱ्यांत हे नाव आघाडीवर आहे.

ओबीटी म्हटलं की आपल्याला आठवतात पिंपांचे तराफे आणि बॉसला पाण्यात पाडायची संधी. पण त्याचं मूळ भलतंच गंभीर आहे, बरं का. १९४१, ऐन महायुद्ध. जहाजं बुडत होती. लाइफबोटीत जुने खलाशी टिकतात आणि धडधाकट तरुण पोरं आधी हाय खातात, असं जहाज कंपनीवाल्या लॉरेन्स होल्ट यांचं म्हणणं. मग त्यांनी आणि शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी वेल्समध्ये पहिली ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा काढली. टीम बिल्डिंग वगैरे नंतरचं. आधी प्रश्न होता जगण्याचा.

ट्रेकिंगच्या धंद्याचंही तसंच. जिमी रॉबर्ट्स हे गुरखा पलटणीतले ब्रिटिश अधिकारी. हिमालयात उभी हयात घालवून त्यांनी १९६४ मध्ये काठमांडूला ‘माउंटन ट्रॅव्हल’ काढली. पहिली गिऱ्हाइकं तीन अमेरिकन बायका! (हे आईला फार आवडलं.) मला मात्र त्यांची १९५७ ची मच्छपुच्छ्रे मोहीम जास्त आवडते. त्यांच्या टीमचे दोघं शिखरापासून जेमतेम ५० मीटरवर होते. पुढचा बर्फ वाईट होता. परत फिरले.

हे मी एवढं का सांगत बसले? कारण मीही एकदा फसलेय. जुलैतला वीकेंड ट्रेक, आयोजकांचं नाव नको. दोन बसगाड्या भरून माणसं, आणि लीडर म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला कॉलेजचा पोरगा. परतताना ओढा फुगला. ‘आता काय करायचं?’ म्हटलं, तर तो म्हणतो, ‘मॅडम, मीपण पहिल्यांदाच आलोय.’ शेवटी खालच्या गावातल्या दोघांनी हाताला धरून एकेकाला पार केलं. त्यांची फी शून्य.

आता राज्याचं साहसी पर्यटन धोरण आहे, २०२१ चं. आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची. चांगलंच आहे. पण पैसे भरण्याआधी मी हल्ली दोन प्रश्न विचारतेच. ‘लीडर तिथे याआधी किती वेळा गेलाय? आणि शेवटचा ट्रेक अर्ध्यातून परत कधी आणला?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ असं छाती फुगवून उत्तर आलं, तर मी सरळ फोन ठेवते.

भावालाही तेच विचारलं. उदगीरचा किल्ला, कंधारचा किल्ला आणि भर पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड, असा त्याचा प्लॅन.

‘पावसाळ्यात सहस्रकुंडला कितींदा गेलास?’

‘एकदा... रील काढायला.’

‘पाणी चढताना बघितलंस?’

तो चकली मोडत बसला. चिडलाच असणार. टी-शर्ट छापून झाले होते ना!

परवा त्याचा मेसेज आला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सचा फॉर्म भरलाय. कंपनीचं नंतर बघू म्हणे. मी लगेच आईला फोन लावला.

‘त्याचेबी पैसे भरावं लागतेत?’ आई म्हणाली.